संकटात कोणाला हाक माराल?

धुळ्याला देवपूरच्या कॉलेजात आम्हाला मानसशास्त्र शिकवायला ज्या मॅडम होत्या, त्या कोणालाही "कशी आहेस?" असं विचारत नसत. त्या विचारत, "आज किती शिल्लक आहे?" विचारताना चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणत आणि अशा निरखून बघत, जणू आपल्या कपाळावर एखादं मीटर बसवलेलं आहे आणि त्यातला काटा त्यांना दिसतोय.

नव्या मुलींना यातलं काही कळायचं नाही. कोणी डब्यात उरलेल्या पोळ्यांचा हिशोब द्यायची, कोणी मोबाइलचा डेटा किती राहिलाय ते सांगायची. बाजारात वांगी विकायला बसणाऱ्या एका मावशींना मॅडम कित्येक वर्षं हाच प्रश्न विचारत आल्या होत्या आणि मावशी दर वेळी टोपलीत डोकावून "दोन किलो व्हई" असं सांगायच्या. मॅडम ते उत्तर मनापासून स्वीकारायच्या. ज्या बाईला दिवस मावळताना स्वतःच्या आधी टोपली आठवते तिची तब्येत उत्तम आहे, असं त्या मला पुढे गेल्यावर म्हणाल्या होत्या.

शिल्लक म्हणजे काय, हे समजायला मला पहिलं वर्ष लागलं. माणसावर ताण आला की त्याला तोंड द्यायला त्याच्याजवळ काय काय असतं, ते सगळं म्हणजे शिल्लक. धीर, तब्येत, देवावरचा विश्वास, जवळची माणसं, विनोद करायची सवय, जे असेल ते. पुस्तकात याला 'वैयक्तिक संसाधने' असा शब्द होता. मॅडमना तो अजिबात सोसत नसे. संसाधन म्हटलं की जिल्हा परिषदेचं टेंडर निघाल्यासारखं वाटतं, असं त्या म्हणायच्या. आणि ही शिल्लक मोजता येते, खानदेशातल्या माणसाची तर खानदेशी मापानंच मोजायला हवी, या एका गोष्टीपायी त्यांनी आयुष्याचा मोठा भाग आणि आजूबाजूच्या बहुतेक माणसांचा संयम खर्च केला.

दिसायला त्या उंच होत्या. सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. स्कूटरवरून उतरल्यावर हेल्मेट काढायचं त्यांना सुचत नसे. विचारात असल्या तर हेल्मेट घालूनच त्या वर्गात यायच्या, हजेरी घ्यायच्या आणि काच वर करून शिकवायला लागायच्या. पहिल्या बाकावरच्या मुलींना सवय झाली होती. एकदा प्राचार्यांनी त्यांना याबद्दल हळूच विचारलं, तेव्हा आपलं सगळं काम डोक्यानं चालतं, बाकीच्यांचं कशानं चालतं ते त्यांनी ठरवावं, असं उत्तर मिळालं. त्यानंतर प्राचार्यांनी त्यांच्या पोशाखात लक्ष घातलं नाही.

एम.ए. झाल्यावर मी त्यांच्या संशोधनात मदतनीस म्हणून लागले. काम असं होतं, की बाहेरून भाषांतर होऊन आलेली एक चाचणी घ्यायची, ती गावोगावच्या माणसांकडून सोडवून घ्यायची आणि ती इथं का चालत नाही ते लिहून काढायचं. ती चालणार नाही याची मॅडमना आधीपासूनच खात्री होती. त्यात एक विधान होतं, 'मन अस्वस्थ असेल तर मी समुद्रकिनारी फिरायला जाते.' मॅडमनी ते मला मोठ्यांदा वाचून दाखवलं, मग खिडकीतून पांझरेच्या कोरड्या पात्राकडे थोडा वेळ बघितलं आणि लाल पेनानं ते ओळच्या ओळ खोडून तिथं 'ओट्यावर जाऊन बसते' असं लिहिलं.

पहिली फेरी आम्ही पारोळ्याजवळच्या त्यांच्या माहेरच्या गावी केली. तिथं एक म्हाताऱ्या अक्का खाटेवर बसल्या होत्या. मी त्यांना विधान वाचून दाखवलं, 'ताण आला की मी दीर्घ श्वास घेते,' आणि विचारलं की असं कधीच नाही, क्वचित, कधीकधी की नेहमी? अक्कांनी माझ्याकडे फार काळजीनं बघितलं. मग त्या म्हणाल्या, "श्वास तं घेवाच पडस ना माय. नही घिदा तं मरी जासू." मी मुकाट्यानं 'नेहमी'वर खूण केली. त्यांच्या सुनेला मी पुढचं विधान वाचून दाखवलं, की मला माझ्या भावना मोकळेपणानं बोलून दाखवता येतात. तिनं आधी खाटेकडे नजर टाकली आणि हळूच मला विचारलं, कोणासमोर? या प्रश्नाची तरतूद चाचणीत नव्हती.

पुरुषांचं वेगळंच. त्यांना कुठलंही विधान वाचून दाखवा, ते "तसं बघायला गेलं तर" एवढं म्हणायचे आणि थांबायचे. पुढे काही नाही. मॅडमनी दोन दिवस हे ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी चार पर्यायांच्या पुढे पाचवा चौकोन छापून आणला, 'तसं बघायला गेलं तर'. सगळ्यात जास्त खुणा त्याच चौकोनात पडल्या. कॉलेजातले संख्याशास्त्राचे सर हे सगळं गणितात बसवून देणार होते. या चौकोनाला गुण किती द्यायचे, असं त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, तसं बघायला गेलं तर अडीच. सरांनी आठवडाभर आमच्याशी बोलणं टाकलं.

शिवी देणं ही शिल्लक आहे की नाही, यावरही बरेच दिवस वाद चालला. मॅडमचं मत होतं की आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात बस तासभर उशिरा आली तर माणसाला टिकवून धरतं ते ध्यान किंवा प्राणायाम नाही, तर कंट्रोलरच्या खिडकीपाशी उभं राहून मोकळं केलेलं मन, असं त्यांना वाटे. हे तपासायला आम्ही धुळ्याच्या स्टँडवर एक अख्खी दुपार घालवली. माणसं शिव्या देण्याआधी आणि दिल्यानंतर कशी दिसतात, हे बघायचं होतं. अडचण अशी झाली की मॅडम एवढ्या जवळ जाऊन, हेल्मेटची काच वर करून निरखायच्या की माणसं शिवी गिळून टाकायची आणि "काही नाही ताई, गाडीची चौकशी करत होतो" म्हणायची. त्यांना स्वतःला शिवी येत नव्हती. जास्तीत जास्त राग आला तर त्या समोरच्याला 'फाजील' म्हणत, आणि तेही म्हणून झाल्यावर इकडेतिकडे बघत.

पण कागदावर माणूस फार धीट असतो, तिथं काही कळत नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि त्यांनी घरच्या घरी प्रयोग सुरू केला. तो मिठाच्या चहाचा. घरी येईल त्याला साखरेऐवजी मीठ घातलेला चहा द्यायचा आणि आपण समोर बसून तो काय करतो ते बघायचं. काहीजण निमूट पीत. काहीजण एक घोट घेऊन कप खाली ठेवत आणि हवापाण्यावर बोलत राहत. शेजारच्या काकूंनी मॅडमची पाठ वळल्याबरोबर तो कुंडीत ओतला आणि रिकामा कप तोंडाला लावून बसल्या. सगळ्यात कमाल प्राचार्यांनी केली. ते कसलीशी सही घ्यायला आले होते. त्यांनी पूर्ण कप संपवला, रुमालानं तोंड पुसलं आणि चहा छान झालाय असं सांगितलं. मॅडम भारावून गेल्या. एवढी शिल्लक असलेला माणूस आपल्या कॉलेजात आहे आणि आपण त्याला उगाच नावं ठेवत होतो, असं त्या मला म्हणाल्या. पुढे कळलं की प्राचार्यांना कडक सर्दी होती आणि त्यांना चवच लागत नव्हती.

महिन्याभरात गल्लीतल्या सगळ्यांनी चहा सोडला. निदान मॅडमच्या घरी तरी. कोणाला डॉक्टरनं बंद करायला सांगितला होता, कोणाचा उपास होता. पोस्टमन तर फाटकाबाहेरूनच आपण आत्ताच घेतला म्हणून ओरडून सांगायचा.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा पाचोऱ्याचा, जळगावला नोकरीला. आमचं घर पारोळ्याचं, म्हणून कार्यालयही पारोळ्यातलंच घेतलं. मी पत्रिका द्यायला मॅडमकडे गेले. त्यांनी पत्रिका वाचली, मला जवळ घेतलं, डोळे पुसले आणि मग विचारलं की वऱ्हाडी साधारण किती असतील. मला तेव्हाच समजायला हवं होतं. लग्नाच्या मांडवात जेवढा ताण एका ठिकाणी गोळा होतो तेवढा परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा होत नाही, आणि तिथं माणसं दोन-दोन तास रिकामी बसलेली असतात, असं त्या म्हणाल्या. त्यांची स्वतःची चाचणी, खानदेशी, तोवर तयार झाली होती. फक्त जळगावच्या एका तज्ज्ञ सरांनी ती ठीक आहे असं लिहून द्यायचं बाकी होतं. त्यांनी होकार दिला की चाचणी छापली जाणार होती. त्या सरांना चाचणी प्रत्यक्ष चालताना दाखवायची संधी याहून चांगली मिळणार नव्हती. मी काय बोलणार? उरलेल्या पत्रिकांची पिशवी छातीशी धरून मी मान हलवली.

लग्न मेमधलं. दुपारचा मुहूर्त. कार्यालयातले कूलर गरम हवा फेकत होते. मॅडम हेल्मेट न घालता आल्या, त्यामुळे मी त्यांना क्षणभर ओळखलंच नाही. सोबत तज्ज्ञ सर होते, सफारी घातलेले, कोणाशी न बोलणारे. मॅडमनी त्यांना भरिताच्या पातेल्याजवळची खुर्ची दिली आणि स्वतः कामाला लागल्या. मी आतल्या खोलीत नटून बसले होते. खिडकीतून मला मांडवाचा अर्धा भाग दिसत होता. त्या एकेका बाईशेजारी जाऊन बसत, पदरानं वारा घेत आणि प्रश्न विचारत. बायकाही मजेत उत्तरं देत होत्या. माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

मग त्या मामींपाशी पोचल्या. मामी म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या सख्ख्या मामाची बायको. पाचोऱ्याकडची, शेतीतली, मोकळ्या स्वभावाची बाई. मांडवात बँड सुरू होता, त्यामुळे मॅडम आपल्या वर्गातल्या आवाजात विचारत होत्या आणि मामी त्याहून वरच्या आवाजात सांगत होत्या. मॅडमनी आपल्या चाचणीतला सगळ्यात आवडता प्रश्न विचारला. तुमच्यावर मोठं संकट आलं तर सगळ्यात आधी कोणाला हाक माराल?

नेमका त्याच क्षणी बँड थांबला.

"वायरमनले!" मामींचं उत्तर सगळ्या मांडवात गेलं.

मग वऱ्हाडातल्या पोरांमधून एक हसू फुटलं, ते बायकांच्या बाजूला पसरलं, आणि बघता बघता आचाऱ्यापासून भटजीपर्यंत सगळे हसायला लागले. मामी गोंधळून सगळ्यांकडे बघत होत्या. मामा नवरदेवाजवळ उभे होते. मोठा फेटा, मिशांना तेल. ते हसले नाहीत. त्यांनी फेटा काढला, नवरदेवाच्या हातात दिला आणि सरळ चालत जाऊन बाहेर उभ्या असलेल्या जीपमध्ये बसले. काचा वर केल्या. मे महिन्यात, पारोळ्यात, दुपारी.

हसणं थांबलं. मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय नवरदेव बोहल्यावर चढणार कसा? माझ्या सासूबाई डोळ्याला पदर लावून बसल्या, की माझा भाऊ असा जाणार असेल तर मला इथं थांबायचं नाही. आबा, म्हणजे माझे वडील, जीपपाशी गेले, काका गेले, नवरदेव स्वतः फेटा घेऊन गेला. मामांनी काच चार बोटं खाली केली आणि एवढंच बोलले, "नवरदेवना मांगे त्या वायरमनलेच उभा करा." आणि काच वर.

मामी सगळ्यांना समजावून सांगत होत्या. विहिरीवरची मोटर जळते, ट्रान्सफॉर्मरची डीपी उडते, पीक वाळायला लागतं, यापेक्षा मोठं संकट त्यांच्या घरी दुसरं येतच नाही, आणि तेव्हा वायरमनला नाही तर कोणाला हाक मारायची? मामांना का नाही, असं कोणीतरी विचारलं, तर त्या चिडून म्हणाल्या, "यासले हाक मारीसन काय करू? ह्या तं बाजूमाच बठेल ऱ्हातस." शेजारीच बसलेल्या माणसाला कोणी हाक मारतं का? मला तर आतल्या खोलीत हे ऐकून बरंच वाटलं. पण जीपपर्यंत हा निरोप पोचवला तेव्हा मामांनी तो मानला नाही. नंतर सुचलेलं आहे, म्हणाले. बठ्ठा गाव, सगळाच्या सगळा, हसला, आता उपयोग काय?

मुहूर्त जवळ येत चालला. भटजी घड्याळाकडे बघत होते. मी खिडकीत उभी राहून, मुंडावळ्या बाजूला सारून मॅडमना शोधत होते. त्या मांडवाच्या मध्यभागी एकट्या उभ्या होत्या. हातात उत्तरांचा गठ्ठा. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. त्यांनी एकदा जीपकडे पाहिलं, एकदा माझ्या सासूबाईंकडे, आणि मग भरिताच्या पातेल्याकडे, जिथं तज्ज्ञ सर पानावरून नजर वर करून सगळं लक्ष देऊन बघत होते.

मग त्या बँडवाल्याकडे गेल्या आणि त्याच्या हातातून माइक घेतला.

त्यांचं भाषण लहान होतं. आधी प्रमाण भाषेत सुरू झालं. ही चाचणी मी तयार केलेली आहे, तिचं काम अजून पूर्ण व्हायचं आहे, तिच्यावरून कोणाच्या संसाराचं माप काढू नये. एवढं बोलून त्या थांबल्या. माइकमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्या जीपच्या दिशेनं वळल्या आणि गावाकडच्या बोलीत म्हणाल्या, "मामा, मामीनं उत्तर खरं शे. प्रश्नच मन्हा चुकना. जवळना माणूस कोण, ते माले इचारताच उनं नही. चूक मन्ही शे. तुम्ही खाले उतरा."

तज्ज्ञ सरांनी हातातला घास पानात परत ठेवला.

जीपचं दार उघडायला थोडा वेळ लागला. मामा उतरले तेव्हा घामानं नखशिखांत भिजलेले होते. ते मॅडमपाशी आले आणि त्यांनी एकच विचारलं, की हे सगळं तुम्ही लिहून देणार का. मॅडम म्हणाल्या, देईन. त्यावर मामांनी नवरदेवाच्या हातातून फेटा घेतला, डोक्यावर ठेवला, मामींकडे न बघता त्यांच्या हातातलं पाणी घेऊन प्यायले आणि बोहल्याकडे निघाले. माझं लग्न लागलं. अक्षता टाकताना मॅडम रडत होत्या, पण ते माझ्या लग्नासाठी होतं की चाचणीसाठी, ते मला सांगता येणार नाही.

चाचणीचं व्हायचं तेच झालं. तज्ज्ञ सरांनी लिहून पाठवलं, की खुद्द संशोधिकेनंच भर मांडवात आपला प्रश्न चुकल्याचं जाहीर केलेलं असल्यामुळे आपल्याला वेगळं मत देण्याचं कारण उरलेलं नाही. काम पुन्हा नव्यानं करा. भरीत मात्र उत्कृष्ट होतं, असं त्याच पत्रात शेवटी होतं. मॅडमनी ते वाचून काय केलं, ते मला संख्याशास्त्राच्या सरांनी फोनवर सांगितलं. त्यांनी घरातले सगळे पडदे काढून धुतले. मग शेजारच्या काकूंचेही मागून आणून धुतले. पाणी आठवड्यानं येत असताना. गल्ली काळजीत पडली. काकूंनी तर घाबरून स्वतः होऊन चहाला येऊ का, असं विचारलं आणि जो दिला तो पूर्ण कप पिऊन दाखवला. मीठ होतं का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

पडदे वाळल्यावर मॅडम पाचोऱ्याला गेल्या, मामांच्या शेतावर. तिथं त्या दोन दिवस राहिल्या. मामांनी त्यांना विहीर दाखवली, मोटर दाखवली आणि शेवटी तो वायरमनही आणून उभा केला. बिचारा साधा मनुष्य, आपल्यावरून एका लग्नात काय घडलं हे त्याला मुळीच माहीत नव्हतं. मॅडमनी त्यालाही विचारलं, की तुझ्यावर संकट आलं तर तू कोणाला हाक मारतोस. तो म्हणाला, साहेबांना, पण ते फोन उचलत नाहीत. मामा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून मामा आणि वायरमन एकत्र जेवायला बसायला लागले आणि मामींना दोघांच्या भाकरी कराव्या लागतात, अशी त्यांची माझ्याकडे अजून तक्रार असते.

मॅडमनी चाचणी नव्यानं मांडली. हाक मारायची माणसं एका भागात, हाक मारावी न लागणारी दुसऱ्या भागात. पुन्हा गावोगाव फिरल्या. संख्याशास्त्राच्या सरांनी पाचव्या चौकोनाला अडीच गुण द्यायचं कबूल केलं. तज्ज्ञ सरांचा होकार आला आणि चाचणी एकदाची छापली गेली. पातळसं पुस्तक, वर पिवळं कव्हर. ते फारसं कोणी वापरत नाही. मॅडमना त्याचं काही वाटत नाही. आपण मोजून ठेवलंय, ज्याला हवं त्यानं बघावं, असं त्या म्हणतात. आता त्या निवृत्त झाल्यात.

मागच्या उन्हाळ्यात माझी जळगावची शिकवण्याची नोकरी गेली. कंत्राटी होती, विद्यार्थी कमी झाले म्हणून तुकडी बंद केली. ऐकायला लहान गोष्ट वाटते. पण मी कित्येक दिवस नीट जेवले नव्हते. वर्गात उभं राहायचं नाही म्हटल्यावर सकाळी उठून काय करायचं, ते मला उमगत नव्हतं. नवऱ्याशी बोलत नव्हते, सासूबाई काही विचारायला आल्या की तोंड फिरवत होते. नवऱ्यानंच न सांगता मॅडमना फोन केला असणार. एका सकाळी बेल वाजली आणि दारात त्या, पायात पांढरे बूट, हातात छत्री.

आता त्या एकेक प्रश्न विचारणार, या भीतीनं मी आधी त्यांच्याजवळ पिवळं पुस्तक आहे का ते बघितलं. त्या सोफ्यावर बसल्या, पाणी प्यायल्या, पाय वर घेतले आणि म्हणाल्या, "सांग."

मी सुरुवात केली. पहिलं वाक्य पुरं झालं असेल नसेल, त्यांची मान मागे गेली आणि त्या घोरायला लागल्या. सकाळी पहिल्या बसनं निघाल्या होत्या, वय झालंय. सासूबाई धावत आल्या, त्यांना वाटलं चक्कर आली. त्यांनी कांदा फोडून नाकाशी धरला. मॅडमनी झोपेतच "फाजील" असं म्हटलं आणि कूस बदलली.

मी मात्र थांबले नाही. एकदा सुरू केलं होतं ना. समोर घोरणाऱ्या बाईला मी सगळं सांगितलं. जळगावचे प्राचार्य काय बोलले, शेवटच्या दिवशी मुलींनी काय दिलं, घरी येताना रस्त्यात मी कुठं थांबले आणि का रडले. सासूबाई हातात कांदा घेऊन दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मधेच मॅडमच्या घोरण्याचा सूर असा काही चढला की सासूबाईंना हसू आलं, त्यांचं बघून मला आलं, आणि आम्ही दोघी तोंडावर पदर नि ओढणी दाबून कितीतरी वेळ हसत बसलो. मग मी उठून जेवले.

दुपार कलल्यावर मॅडम जाग्या झाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरी दिसतेस. मी आले की फरक पडतो." चहा घेतला, सासूबाईंशी पापडाबद्दल बोलल्या आणि निघाल्या. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. बस हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि कबूल केलं की त्यांनी माझं काहीच ऐकलेलं नाही. "घरी पोचले की फोन करते. तेव्हा पहिल्यापासून सांग."

त्यांनी खरंच फोन केला. मी सांगायला सुरुवात केली, आणि ते सगळं चार वाक्यांत संपलं. पाचवं काही सुचेना.

"एवढंच?" मॅडमनी विचारलं.

"एवढंच," मी म्हटलं.